पाचवी ते सातवीच्या पोरांच्या हातांना काम द्या



गेल्या पावसाळ्यात आम्ही काही जण चंद्रपूरकडे गेलो होतो. मूळ बेत मूल तालुक्यातला सोमनाथचा प्रकल्प बघायचा. बाबा आमटे यांनी कुष्ठमुक्त माणसांच्या हातून तिथे जंगलाकाठी शेती उभी केली, आणि दर उन्हाळ्यात तरुण पोरांची श्रमसंस्कार छावणी भरवायचा पायंडाही तिथेच पाडला. ते पाहून झालं. पण आज लिहायचं आहे ते वाटेत दिसलेल्या एका बांधीबद्दल. (गावाचं नावच मूल. तेव्हा मुलांविषयीच डोक्यात काहीतरी घेऊन आलो, यात नवल नाही.)

तो सगळा मुलूख धानाचा. तलाव, बोड्या, धुरे आणि चिखल. रस्त्यालगतच्या एका बांधीत पंधरा-वीस पोरं गुडघाभर चिखलात, धुऱ्यावर त्यांचे गुरुजी. आम्हाला वाटलं, रोवणीला मजूर मिळत नाहीत म्हणून पोरं जुंपलीत. गाडी थांबवून जरा रागातच विचारलं. तर ती शाळेची पाचवी ते सातवीची पोरं. एका तुकड्यात एका जागी दोन-दोन रोपं लावलेली, शेजारच्या तुकड्यात मूठभर, आणि दोरी ताणून वहीत टिपणं चाललेली. एक पोरगी म्हणाली, "आता नाही समजत जी. महिन्यानं फुटवे मोजाचे, तवा समजते." पुढं तिनं आम्हालाच विचारलं, "तुमच्या उसाला किती फुटवे येतात?" आमच्यात तीस-तीस वर्षं ऊस लावणारे होते. एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. येतात की, पण किती, हे मोजलंय कुणी?

त्याच लोहमार्गावर पुढे नागभीड. त्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचं नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. शाळा तिसरीपर्यंत. 1983 साली त्यांना आपल्या पटेल 3 जातीच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या, निवडल्या, आणि त्यातून एच. एम. टी. हा तांदूळ निघाला. त्या काळी ज्या मनगटी घड्याळाची चलती होती, त्याचंच नाव तांदळाला पडलं. 2018 साली ते गेले. त्यांची हलाखी आणि मान मिळायला लागलेला उशीर हा वेगळा विषय आहे, असो. आम्हाला घेण्यासारखी वाटली ती त्यांची नजर. हजार लोंब्यांत दोन वेगळ्या आहेत हे दिसणं, आणि दिसल्यावर ते उगीच न सोडणं, हे आपल्या शाळा कुठल्या तासाला शिकवतात?

आता आपल्याकडे या. ऊसबिलातून टनामागे शिक्षणासाठी कपात होते, ती आपण सगळे देतो. त्यातून इमारती झाल्या, कॉलेज झालं, चांगलं झालं. पण पाचवी ते सातवीच्या पोराला त्यातून काय मिळालं? बाक आणि फळा. आमच्या माहितीतल्या एका शाळेत विज्ञानाच्या साहित्याची पेटी आली, कपाटात गेली, आणि चार वर्षांनी कपाट हलवलं तेव्हा पेटीला मूळची पट्टी तशीच होती. शाळेचं नाव घेत नाही. अशी पेटी एकाच शाळेत असेल असंही आम्हाला वाटत नाही.

ही गोष्ट नवी नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी तिथे हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, आणि झाकीर हुसेन समितीने सात वर्षांचा आराखडा केला. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातले, म्हणजे ऊसपट्ट्यातल्या जिल्ह्याचेच. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि आठवीपासूनची पोरं वेल्डिंग, बांधकाम, माती परीक्षण करू लागली. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना सुतार-माळी-कुंभाराकडे पाठवा असं लिहिलेलं आहे. कागद सगळे आहेत. कार्यानुभवाच्या तासाला मात्र बहुतेक ठिकाणी कागदाची फुलं होतात आणि परीक्षेच्या आधी तो तास गणिताचे सर घेतात.

आमचं म्हणणं एवढंच की शनिवारचे दोन तास या वयाच्या पोरांना द्यावेत, आणि विषय आपल्या उसातले घ्यावेत. उदाहरण सांगतो. उसाची तीन टिपरी घ्या, बुडख्याचं, मधलं, शेंड्याचं. तीन कुंड्यांत लावा, आणि कुठला डोळा आधी फुटतो ते पोरांनी रोज लिहावं. शेंड्याकडचा कोवळा डोळा आधी उगवतो हे आपल्याला ठाऊक आहे, पण का, हे सांगताना आपलीही गाडी अडते. दुसरं, दोरीने 33 फूट बाय 33 फूट आखा. झाला गुंठा. साडेचार फुटी सरी, दोन फुटांवर रोप, तर गुंठ्यात किती? 121. एकरात 4840. पुस्तकातल्या क्षेत्रफळाला कंटाळणारं पोरगं इथे कंटाळत नाही, कारण रोपवाटिकेचं बिल बरोबर आहे का हे त्याला घरी जाऊन तपासता येतं.

तिसरं जास्त मजेचं. आपल्या शेतकी खात्याकडे रसाचा ब्रिक्स बघायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो. उभ्या उसाचा बुडखा आणि शेंडा दोन्हींचा थेंब त्यावर ठेवायला पोरांना शिकवा. ऊस कच्चा असला तर बुडखा गोड आणि शेंडा पाणचट, पिकत आला की दोन्ही आकडे जवळ येतात. मग तोडणीच्या तारखेवरून आपण चिटबॉयशी हुज्जत घालतो तेव्हा घरातलंच सातवीतलं पोरगं म्हणेल, "आबा, अजून तीन आठवडे थांबा." हे आपल्याला परवडेल का, ते ज्याचं त्यानं बघावं! ताज्या रसात चुन्याची निवळी घालून तापवली की गदळ खाली बसतो आणि वर स्वच्छ रस राहतो. गुऱ्हाळवाल्याला आणि कारखान्याच्या केमिस्टला एकाच कामाला बसवणारा हा धडा चहाच्या पातेल्यात होतो. विस्तवाजवळ मोठं माणूस हवं, हे सांगायला नको. गाळपाच्या यंत्रांजवळ पोरं न्यायची नाहीत, हेही पक्कं.

काही सभासद म्हणतील, आमची पोरं घरी चिखलच तुडवतात, शाळेत पुन्हा तेच कशाला? खरं सांगा, तुडवतात का? पाणी धरायला गडी, खुरपायला बाया, तोडायला बीडकडची टोळी. आपल्या पोराच्या हातात मोबाईल. आणि जिथे पोरं राबतात तिथे नुसती राबतात, "का" विचारलं तर "काम कर" हे उत्तर मिळतं. आम्ही सुचवतो आहोत ते राबणं नव्हे. पोरांनी केलेली वस्तू विकायची नाही, शाळेचा खर्च त्यातून काढायचा नाही. वर्धा योजनेवर तेव्हाच हा आक्षेप आला होता आणि तो आम्हाला रास्त वाटतो.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. हंगामात आपल्या तळावर तोडणी मजुरांच्या कोपी पडतात. त्यांतलं दहा-बारा वर्षांचं पोर वाढं बांधतं, बैल सोडतं, धाकटं भावंड सांभाळतं. त्याच्या हातांना सगळं येतं, आणि वहीत काहीच नाही. या शनिवारच्या वर्गात ही पोरं आपल्या पोरांच्या शेजारी बसली पाहिजेत. गाठ कशी मारायची हे त्यांनी दाखवावं, आपल्या पोरांनी गुंठा मोजून दाखवावा. काहींना हे रुचणार नाही, ते आम्हाला माहीत आहे. तरी लिहितो आहोत.

शिकवणार कोण? हंगाम संपला की कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर, वेल्डर, सुतार असतातच. महिन्यातून दोन शनिवार त्यांतल्या एकेकाला शाळेत पाठवलं तर देखभालीचं काम अडत नाही. शिक्षक सोबत हवेतच, कारण फिटरला काम येतं, पण पोराला विचारतं कसं करायचं ते गुरुजीच जाणतात.

येत्या वार्षिक सभेत शिक्षण निधीचा विषय येईल तेव्हा या वर्गांसाठी त्यातला ठरावीक हिस्सा वेगळा काढावा, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. सूचक आहेत, अनुमोदक हवेत. ज्यांना आपल्या गावच्या शाळेत यंदाच सुरुवात करायची आहे, त्यांनी गट कार्यालयात मुख्याध्यापकांचं संमतिपत्र द्यावं. टिपरी आम्ही देऊ.