राडारोडा जातो कुठे?

जुने घर पाडून नवे बांधताना निघालेला राडारोडा गेला कुठे, हे आपण कधी विचारले आहे काय? ठेकेदार म्हणतो, "शेठ, ते आमच्यावर सोडा." आपण सोडतो. रात्री ट्रॅक्टर भरतो आणि सकाळी बोईसर-पालघर भागात कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला विटा-काँक्रीटचा ढीग दिसतो.

आमच्या शेताशेजारच्या ओहोळाचे असेच झाले. मोरीच्या तोंडाशी चार ट्रॉल्या माल पडला. जुलैच्या पावसात पाणी तुंबले नि नुकतीच लावणी झालेली दोन खाचरे कुजली. ज्याचे घर झाले त्याला याचा पत्ताही नाही!

पूर्वी हा प्रश्न नव्हता. कारवीच्या कुडाचे घर मोडले तर माती मातीत जाई. कौले, वासे पुन्हा कामाला येत. आता स्लॅब नि टाइल्स. तारापूरच्या कारखान्यांमागोमाग बोईसरची वस्ती वाढली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, नि बांधकामांना ऊत आला.

कायदा नाही असे नाही. केंद्राने २०१६ साली बांधकाम कचऱ्याचे नियम केले, २०२५ साली नवे काढले. २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टनांहून अधिक कचरा काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, विटा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळे करायला सांगितले होते. रस्त्यात, गटारात टाकू नका, हे मात्र लहानमोठ्या सर्वांनाच होते. पण मग टाकायचे कुठे?

तेवढे ग्रामपंचायतीने नि नगरपरिषदेने ठरवून द्यावे. एक जागा नेमावी. लोखंडी कंटेनर भाड्याने द्यावा. दारात ठेवायचा, भरला की उचलायचा. बांधकाम परवानगीच्या वेळी अनामत घ्यावी नि माल नेमल्या जागी पोचल्याची पावती दाखवली की परत करावी. चांगल्या विटांचे तुकडे जोत्याच्या भरावाला चालतात, तेही वाया जाणार नाहीत. जुने सिमेंटचे पत्रे मात्र फोडू नका. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते.

आणि तोवर? ठेकेदाराशी बोली करतानाच विचारा, "बाबा रे, माल टाकणार कुठे?" जागा कागदावर लिहून घ्या. भाड्याचे चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. आपल्या वास्तुशांतीचे जेवण शेजाऱ्याच्या भाताच्या जिवावर नको.