नेग्ली किल्ल्याचे मस्टर

आपल्या समाजातील मुले आता नोकरी-शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. मागोमाग आईवडील जातात, नायगरा आणि न्यूयॉर्क पाहून परत येतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, टेनेसी राज्यातील नॅशव्हिलला जाणे झाले तर तेथील बागेत टेकडीवर उभा असलेला नेग्ली किल्ला अवश्य पाहावा.

यादवी युद्धात फेब्रुवारी 1862 मध्ये उत्तरेच्या सैन्याने नॅशव्हिल घेतले आणि बचावासाठी त्याच वर्षी हा दगडी किल्ला बांधला. बांधला कोणी? काळ्या माणसांनी. त्यांत गुलाम होते, स्वतंत्र काळे होते, स्त्रियाही होत्या. सैनिकांनी त्यांना रस्त्यावरून, अगदी चर्चमधूनही धरून आणले. गुलामीविरुद्ध लढणारी म्हणून आपण जिला ओळखतो, तीच ही सेना! शेकडो मजूर मेले. नाव मात्र लागले सेनापती नेग्लीचे. 1 जानेवारी 1863 चा लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा आला, त्यातूनही टेनेसी वगळलेले. कायद्यातले असे 'वगळून' आम्ही वकिलीत रोज वाचतो.

पण लष्कराने मजुरांचे मस्टर ठेवले होते. 2,700 हून अधिक मजुरांची नोंद त्यात सापडते. मजुरी मिळाली ती फार थोड्यांना. याच टेकडीच्या पायथ्याशी 1978 मध्ये बेसबॉलचे स्टेडियम झाले. पुढे ते ओस पडले आणि 2017 मध्ये ती जागा खासगी बांधकामाला देण्याचा घाट घातला गेला. विरोध झाला, तपासणी झाली. मजुरांच्या कबरी तेथे अद्याप असाव्यात, असे पुरातत्त्वज्ञांनी 2018 मध्ये सांगितले आणि तो बेत बारगळला. 2019 मध्ये स्टेडियमही पाडले.

आपल्याकडे भीमा कोरेगावच्या स्तंभावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी तेथे गेले. कोणी कितीही वाद घालो, दगडावरचे नाव पुसता येत नाही. पण गावोगावच्या महार वतनाचे काय? 1958 च्या कायद्याने वतन गेले, जमिनी पुन्हा आपल्या नावे झाल्या, त्या कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत या शर्तीवर. तरी कितीतरी जमिनी बिल्डरांच्या घशात गेल्या आणि घरच्यांना गट नंबरही ठाऊक नाही! बांधवहो, येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तलाठ्याकडून सातबारा घ्या, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फेरफारांच्या नकलांसाठी अर्ज करा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका.