सावलीतलं पोवळं

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे. सांभाळून घ्या.

माझा मामा दुबईला असतो. त्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे आणि तिच्यात जिवंत प्रवाळं. गेल्या उन्हाळी सुट्टीत दीड महिना मी तिथेच होते. टाकीवर एलईडीचा लख्ख उजेड, पण मधल्या खडकाखाली एक कपार कायम अंधारी. मामाला ती रिकामी बघवेना. दुकानदार म्हणाला, "सन कोरल घ्या, त्याला उजेड लागतच नाही." केशरी बुंधा, त्यावर फुलांसारखी उमलणारी पिवळीधमक तोंडं. आम्ही एकदम खूश! लगेच घेतलं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, फक्त अर्धंच बोलला होता. रीफमधल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. सन कोरलकडे हा भाडेकरूच नसतो. म्हणून त्याला उजेड नको, पण मग जेवण कोण देणार? आपणच! कोळंबीचे बारीक तुकडे ड्रॉपरने एकेका तोंडाला भरवायचे, आठवड्यातून तीन-चार वेळा तरी. तेही बेताने, कारण जास्त झालं तर पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट वाढतं आणि शेवाळ माजतं.

मामाची शिफ्ट रात्रीची, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. पहिला आठवडा मोठ्या उत्साहात गेला. मग मॉल, पिक्चर, मामेभावंडं... "उद्या देऊ, त्याला कुठे काय लागतंय!" हे वाक्य माझंच. महिन्याभरात त्याचं अंग आक्रसलं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला. मामा रागावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. उरलेला तुकडा त्याने रोज भरवणाऱ्या एका मित्राला देऊन टाकला.

मग आम्ही आधी करायला हवं होतं ते केलं. पार मीटर उसना आणला. शैवालाच्या उपयोगाचा उजेड मोजायचं हे यंत्र. वरच्या खडकावर २५०, कपारीच्या तोंडाशी ६० आणि आत जेमतेम १०. तोंडाशी डिस्कोसोमा ठेवलं, म्हणजे मशरूम कोरल. त्याला मंद उजेड आणि संथ पाणी मानवतं. कपारीच्या आत काहीच ठेवलं नाही. आता तिथे एक झिंगा राहतो!

माझं मत एवढंच आहे. सावलीसाठी प्रवाळ निवडताना 'याला काय लागत नाही' हे विचारूच नये. 'याला काय लागतं, आणि ते मी रोज देईन का' हे विचारावं. उत्तर 'नाही' असेल तर जागा रिकामी ठेवावी. आणि कमी उजेडावर जगणारं म्हणजे उजेडाशिवाय जगणारं नव्हे. अशी प्रवाळं अंधारात लगेच मरत नाहीत, महिनोन्‌महिने झिजत राहतात. आपल्याला वाटतं, छान चाललंय.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे शौक, आम्हाला काय त्याचं? खरंय, आणि हॉस्टेलवर हा प्रयोग करूही नका. आपल्याकडे सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला! बघायचीच असतील तर मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गढूळ पाण्यातही ती टिकून आहेत.

परत आल्यावर आजीच्या अंगठीतलं पोवळं मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. दागिन्यांतलं हे लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढतं. त्याच्याकडेही शैवाल नसतं. वाहत्या पाण्यातून येईल तो घास पकडायचा. वर्षाला त्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. आजीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मंगळासाठी बिचाऱ्याला ओढून आणलं की!"

जाता जाता आमच्या खोलीबद्दल. कपाटामागचा, खिडकी नसलेला पलंग पहिल्या वर्षापासून माझ्या रूममेटकडे आहे, कारण पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "मला चालेल." तीन वर्षं आम्ही सगळ्या सांगत होतो, तिला काही लागत नाही गं. या टर्मला मी पहिल्यांदा विचारलं. म्हणाली, "सकाळी ऊन आलेलं आवडलं असतं."

मिडसेमनंतर आम्ही पलंग बदलतोय.