नाका, नोंदवही आणि लसीची पेटी

निपाणीहून कोल्हापूरला जाताना कोगनोळी आली की आम्हाला अजून २०२१ साल आठवते. महाराष्ट्रातून येणाऱ्याने बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवायचा, नाहीतर गाडी वळवायची. त्या वर्षी जुलैअखेरीस तर दोन्ही डोस घेतलेल्यांनाही रिपोर्ट सक्तीचा झाला. कागलचे पाहुणे, गडहिंग्लजला दिलेली लेक, कोल्हापूर-मिरजेच्या दवाखान्यातून परत येणारे पेशंट, सगळे एकाच रांगेत. आणि हमरस्त्यावर हा बंदोबस्त चालू असताना शेतातल्या वाटांनी दुचाकी ये-जा करीतच होत्या. सीमाभागात राहणाऱ्याला हे सांगायला नको. आपली सोयरीक, बाजार, दवाखाना, सगळे दोन्हीकडे पसरलेले आहे. रोगही त्याच वाटांनी येतो आणि जातो.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की मे २०२५ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने साथरोगांविषयीचा करार मंजूर केला. तीन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या होत्या. कोविडच्या वेळी श्रीमंत देशांनी लसी आधीच बुक करून ठेवल्या आणि गरीब देश वाट पाहत बसले, तसे पुन्हा होऊ नये हा त्यामागचा हेतू. पण नव्या रोगाचा जंतू सापडला तर त्याचे नमुने कोणी कोणाला द्यायचे आणि त्याबदल्यात लसीचा वाटा कसा मिळायचा, हे सर्वात अवघड कलम पुढच्या चर्चेसाठी बाकी ठेवले गेले. अमेरिका तर त्या वाटाघाटीतून आधीच बाहेर पडली होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज मंजूर झाले, पण तारणाचे कागद अजून व्हायचे होते. करार चांगला आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण तयारी म्हणजे जिनिव्हा आणि तयारी म्हणजे नाका, एवढेच आपल्या डोक्यात बसले असेल तर ते आम्हाला पटत नाही. आमच्या मते खरी तयारी उपकेंद्रातल्या सिस्टरच्या लसीच्या पेटीत आणि तिच्या नोंदवहीत असते.

गोवराचेच उदाहरण घेऊ. माणसाला होणाऱ्या रोगांत इतका झपाट्याने पसरणारा दुसरा रोग क्वचितच असेल. लस न घेतलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साथ थांबते. नव्वद झाले म्हणून समाधान मानता येत नाही. कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवर उसळला, मुले दगावली. त्यांतल्या बहुतेकांचे लसीकरण झालेले नव्हते. हे फक्त झोपडपट्टीचे दुखणे आहे असे समजू नये. २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात लस नाकारणाऱ्या वस्त्यांत गोवराची मोठी साथ आली, दोन मुले गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला. मंडळातल्या ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांना हे ठाऊकच असेल.

आता जवळचे, आणि जरा अवघड. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस टोचल्यानंतर तीन बाळे दगावली. बातमी आली त्या दिवशी चिकोडीतही घराघरात एकच बोलणे होते. आमच्या गल्लीतल्या एका सुनेने पुढच्या गुरुवारी बाळाला न्यायचे नाही असे ठरवले होते आणि तिच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, हे सांगणे कठीण आहे. चौकशीत पुढे आले ते असे, की लस नियमाप्रमाणे शीतपेटीत न ठेवता एका हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. दोष लसीचा नव्हता, हाताळणीचा होता.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. ही लस पावडरीच्या रूपात येते. द्रावण घालून ती तयार केली की चार तासांच्या आत वापरायची आणि उरलेली टाकून द्यायची. तिच्यात जंतूंना अटकाव करणारे औषध नसते. उघडलेली कुपी दुसऱ्या दिवशी वापरली, तर आत वाढलेले जंतू मुलाच्या अंगात जातात. एका कुपीत पाच किंवा दहा मुलांचे डोस असतात. दोनच मुले आली तर कुपी फोडायला सिस्टरचा हात आखडतो, कारण वाया गेलेल्या डोसांचा जाब वरून विचारला जाईल ही भीती. आम्ही कॅशमध्ये अनेक वर्षे बसलो आहोत, ही भीती आम्हाला ओळखीची आहे. संध्याकाळी शंभराची नोट कमी आली की माणूस काहीतरी जुळवाजुळव करू पाहतो आणि मग शंभराचे प्रकरण हजाराचे होते. आठ डोस वाया गेले तर जाऊ द्यावेत. ते नोंदवहीत लिहावेत आणि विषय संपवावा.

असे पहिल्यांदाच घडले असेही नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे हुबळीपर्यंत हजारो लोकांनी ती घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले एकोणीस लोक धनुर्वाताने मेले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, हे पुढे निष्पन्न झाले. त्यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ साल उजाडले. तोवर किती जणांनी भीतीपोटी लस नाकारली असेल त्याचा हिशेब कोण करणार? आमची आजी गाठीच्या रोगाच्या गोष्टी सांगे. घरात उंदीर मेला की भांडीकुंडी घेऊन माळावर खोप बांधून राहायचे. तिला या गोष्टी तिच्या आईकडून कळलेल्या.

बेळगावात टिळकवाडीला जो व्हॅक्सीन डेपो आहे, जिथे आज लोक सकाळी फिरायला जातात, तिथे इंग्रजांच्या काळात देवीची लस तयार होत असे. आमच्या वयाच्या प्रत्येकाच्या दंडावर देवीचे व्रण आहेत. आमच्या मुलांच्या दंडावर ते नाहीत, कारण १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगीच आढळला नाही. नातवंडे विचारतात, हा डाग कसला? असा प्रश्न पडणे हीच त्या लसीची कमाई.

आता आपल्या भागातली खरी गळती कुठे आहे ते सांगतो. पहिले बाळंतपण माहेरी. माहेर गडहिंग्लज तालुक्यात, सासर चिकोडीत. जन्माच्या आणि दीड महिन्याच्या लसी तिकडे, पुढच्या इकडे. तिकडचे कार्ड मराठीत, इकडचे तायी कार्ड कन्नडमध्ये आणि दोन्ही नोंदवह्या वेगळ्या राज्यांच्या. नऊ ते बारा महिन्यांत गोवराचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. हा दुसराच जास्त चुकतो, कारण तोवर बाळ चालायला लागलेले असते आणि घरचे निर्धास्त होतात. ऊसतोडीच्या टोळ्यांचे तर विचारूच नका. बीडकडून दिवाळीच्या आसपास आलेली टोळी मार्चमध्ये परत जाते. ज्या बाळाचे नऊ महिने डिसेंबरात भरतात ते कोणाच्याच यादीत नसते. फडाशेजारच्या पालांवर आशाताई जातात, पण पाल आज इथे, उद्या तिथे. यू-विन ही संगणकीय नोंद आता आली आहे, तीवर बाळाचे नाव एकदा चढले की देशात कुठेही पुढचा डोस घेता येतो. नाव चढवायला मात्र माणूसच लागतो.

आमच्याच घरचे सांगतो. धाकट्या नातीचे कार्ड विहीणबाईंच्या कपाटात राहिले होते. पोरगी एकवीस महिन्यांची झाली तेव्हा आमच्या लक्षात आले की दुसरा डोस झालाच नाही. आम्ही आयुष्यभर लोकांची खाती तपासली आणि घरची एन्ट्री सुटली! पुढच्या गुरुवारी तिला घेऊन गेलो. सिस्टरना विचारले, कुपी कधी उघडली? त्यांनी रागावता कुपी पुढे केली. तिच्यावर वेळ लिहिलेली होती, दहा वाजून वीस मिनिटे. आमच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. झाकणावरचे उष्णतेचे चिन्हही त्यांनी समजावले. गोलाच्या आतला चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली, तितकाच किंवा जास्त गडद झाला तर टाकून द्यायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या भगिनींनी यंदा दोन वर्षांखालच्या बाळांची कार्डे सोबत आणावीत, दोन्ही राज्यांची असतील तर दोन्ही. निवृत्त शिक्षिका भगिनी आणि आम्ही एका टेबलाशी बसून तारखा पाहू. ऊसतोडीच्या पालांवर जाण्यासाठी रविवारी दुचाकी देऊ शकणाऱ्या तरुणांनी कार्यवाहांकडे नाव द्यावे.