चला, बडग्या करू या!

बालमित्रांनो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत-बडग्यांची मिरवणूक निघते. पिवळी मारबत तर १८८५ पासूनची! लोकांना छळणाऱ्या गोष्टींचा पुतळा, तो बडग्या. आपल्या कोराडीच्या अंगणातही छोटा बडग्या करता येतो.

मोठ्यांकडून बांबूच्या कमच्या काढून घ्या. सांगाडा बांधा, त्यावर रद्दी कागद खळीने चिकटवा. पूर्ण वाळू द्या. ओल्या कागदावर रंग पसरतो.

आता खरी गंमत! तुम्हांला कशाची भीती वाटते? अंधाराची? गणिताची? तिला डोळे किती, सुळे केवढे, ते तुम्हीच ठरवायचं. जिचे दात आपण रंगवले, ती भीती मग केवढीशी उरते!

पालकहो, 'जरा छान काढ ना' म्हणू नका हं. राक्षस भयंकरच होऊ द्या.