चौघांना तीन वर्षं द्या

हैदराबादेत पाश्चात्त्य पद्धतीनं व्हायोलिन शिकणारी मुलं आहेत. ती ट्रिनिटीच्या, एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षा देतात, चिकाटीची मुलं आठव्या ग्रेडपर्यंत जातात. पण ही वाट एकट्यानं चालायची. परीक्षेत मूल पियानोच्या साथीनं आपला तुकडा वाजवतं आणि गुण घेऊन घरी येतं. दुसऱ्याच्या गजाकडे पाहत आपला गज उचलायचा, त्याच्या श्वासाबरोबर सुरुवात करायची, हे त्याला कुठं शिकवलं जातं?

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे नेमकं तेच. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. समोर कुणी कंडक्टर नाही. चौघांचा स्वर जुळायला वर्षं लागतात. पियानोचा गांधार थोडा चढा असतो. क्वार्टेटमध्ये तो उतरवून नैसर्गिक जागी बसवावा लागतो, तेव्हा चौघांचा मिळून एक नाद उठतो. आणि तो गांधार आपल्या मुलांना परका नाही! जुळलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार तो हाच. ज्या कानांवर तंबोरा पडला आहे त्यांनी या वाद्यमेळापासून दूर राहावं, हे मला पटत नाही.

अडचण कानांची नाही, पोटाची आहे. चार तरुणांनी रोज चार-पाच तास एकत्र बसायचं, तर त्या काळात घरभाडं कोण देणार? व्हिएन्नात 1808 साली काउंट राझुमोव्स्की यांनी याचं सरळ उत्तर दिलं. शुपान्झिग यांचं क्वार्टेट त्यांनी पगारावर ठेवलं. बीथोव्हेन यांच्या अवघड रचना वाजवू शकणारे हात त्यामुळे तयार राहिले. आमच्या काळातलं उदाहरण टाकाच क्वार्टेटचं. 1975 साली बुडापेस्टमधल्या चार विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं, आणि 1983 पासून अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं त्याला आपल्याकडे आसरा दिला. पुढचा जागतिक लौकिक त्या आधारावर उभा राहिला.

आपल्याकडे काय झालं? मेहली मेहतांनी मुंबईत 1935 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, 1940 साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं. त्यांचा मुलगा झुबिन मेहता या संगीतातच वाढला. पण 1955 साली मेहली मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले, पुढे फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवू लागले. एवढा कसलेला माणूस ज्या क्वार्टेटमध्ये बसून कमावत होता, ते परक्या देशातलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हैदराबादला आश्रय म्हणजे काय हे सांगायला नको. पंडित जसराजांचे वडील, गायक पंडित मोतीराम, निजामाच्या दरबारात रुजू होण्याच्या बेतात असताना 1934 साली याच शहरात वारले. त्यांच्या आणि थोरले बंधू पंडित मणिराम यांच्या स्मरणार्थ जसराजांनी सुरू केलेला संगीत समारोह या गावानं दशकानुदशकं आपला मानला. पण समारोह दोन-चार रात्रींचा. क्वार्टेटला रोजची खोली लागते.

म्हणून हायटेक सिटीतल्या कंपन्यांना आणि इथल्या विद्यापीठांना एक मागणी आहे. एका संध्याकाळच्या झगमगाटासाठी पैसे देता, त्यातले काही तीन वर्षांसाठी बाजूला ठेवा. चार पगार, तालमीची एक शांत खोली, वर्षातून दोनदा बाहेरून येणारा जाणता शिक्षक. निवड करताना व्हायोला आणि चेलो वाजवणारे आधी शोधा, कारण व्हायोलिनवाले मिळतात, हे दोघे मिळत नाहीत. बदल्यात चौघांनी दर महिन्याला एका सरकारी शाळेत वाजवावं. पहिल्या वर्षी हायडन, दुसऱ्या वर्षी बीथोव्हेन यांच्या सुरुवातीच्या सहा रचना, आणि तिसऱ्या वर्षी हैदराबादच्याच एखाद्या संगीतकाराकडून त्यांच्यासाठी मुद्दाम लिहून घेतलेली नवी रचना.