विश्लेषण : स्वतः तयार केलेल्या लिनक्स कर्नलचे ‘पॅकेज’ का करावे?

अँड्रॉइड फोनचे बटण दाबल्यावर पहिले अ‍ॅप दिसण्याच्या कितीतरी आधी जागा होतो तो लिनक्सचा कर्नल. हाच कर्नल सर्व्हरवर, दूरचित्रवाणी संचात आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही असतो. त्याचा सोर्स कोड कुणालाही मिळतो, बदलता येतो. पण बदललेला कर्नल दुसऱ्याच्या संगणकावर विनासायास बसत नसेल, तर या मोकळिकीचा उपयोग किती जणांना?

कर्नल म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क, वायफाय यांची वाटणी तो करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना तो लिहायला घेतला. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. मनुष्याने लिहिलेल्या या ओळींचे यंत्राला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणे म्हणजे ‘कम्पाइल’ करणे.

स्वतः कम्पाइल करण्याची गरज कुणाला?

बहुतेकांना नाहीच. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारखी वितरणे तयार कर्नल देतात आणि तोच वापरणे शहाणपणाचे. मात्र एखादे नवे उपकरण चालत नसेल, एखादी दुरुस्ती तातडीने हवी असेल, छोट्या यंत्रासाठी अनावश्यक भाग गाळायचे असतील किंवा कर्नल आतून शिकायचा असेल, तर तो स्वतः तयार करावा लागतो.

अडचण नेमकी कुठे येते?

कम्पाइल करणे हे वेळखाऊ पण सरळ काम आहे. गोंधळ होतो तो बसवताना. कर्नलची मुख्य फाइल ‘बूट’ फोल्डरमध्ये जाते, त्याची शेकडो-हजारो मॉड्यूल दुसरीकडे. सुरुवातीला डिस्क ओळखण्यासाठी लागणारी ‘इनिट-रॅम-एफएस’ ही फाइल बनवावी लागते आणि बूट-मेन्यूत नोंद व्हावी लागते. यातले एक पाऊल चुकले, तर संगणक काळ्या पडद्यावर अडकतो. ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा फाइल जागेवर ठेवते. पण कोणती फाइल कुठे गेली, याची नोंद संगणकाच्या पॅकेज व्यवस्थेकडे राहत नाही. सहा महिन्यांनी तो कर्नल काढायचा झाल्यास फाइल शोधत बसावे लागते.

पॅकेजमुळे काय बदलते?

पॅकेज म्हणजे फाइलींचा गठ्ठा आणि सोबत त्याची यादी. कोणती फाइल कुठे जाईल, बसवल्यावर कोणती कामे करायची, काढताना काय पुसायचे, हे सारे त्यात लिहिलेले असते. डेबियनसाठी मनोज श्रीवास्तव यांनी नव्वदच्या दशकात ‘कर्नल-पॅकेज’ हे साधन तयार केले. पुढे ही सोय कर्नलच्या सोर्स कोडमध्येच आली. ‘मेक बिनडेब-पीकेजी’ ही आज्ञा दिली की डेबियन-उबुंटूसाठी ‘डेब’ फाइली तयार होतात. ‘आरपीएम-पीकेजी’ने फेडोरासारख्या वितरणांसाठी.

प्रयोगशाळेत एकसारखे ३० संगणक असतील, तर एका वेगवान यंत्रावर एकदाच कम्पाइल करायचे आणि तीच फाइल बाकीच्यांवर बसवायची. जुना कर्नल बाजूला राहतो. नवा चालला नाही, तर बूट-मेन्यूतून जुना निवडता येतो आणि नवा एका आज्ञेने काढता येतो.

फोनमध्येही हेच तत्त्व?

तपशील वेगळे, विचार तोच. अँड्रॉइड ७ पासून आलेल्या पद्धतीत फोनमध्ये प्रणालीचे दोन कप्पे ठेवता येतात. अपडेट रिकाम्या कप्प्यात लिहिले जाते आणि ते सुरू झाले नाही, तर फोन जुन्या कप्प्यावर परततो. अँड्रॉइड १२ सोबत गूगलने सामाईक कर्नल आणि कंपन्यांची मॉड्यूल वेगळी करण्यावर भर दिला.

मग धोका काहीच नाही?

आहे. पॅकेजमुळे चुकीचा कर्नल बरोबर होत नाही. डिस्कचा ड्रायव्हरच गाळला असेल, तर उत्तम पॅकेजही संगणक सुरू करणार नाही. ‘सिक्युअर बूट’ असलेल्या संगणकावर कर्नलला मान्य स्वाक्षरी लागते. शिवाय स्वतःच्या कर्नलला वितरणाची सुरक्षा अपडेट्स आपोआप मिळत नाहीत. ती जबाबदारी बनवणाऱ्यावर येते.

त्याहून मोठा प्रश्न विश्वासाचा. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या साधनात दडवलेला चोरदरवाजा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केला. हे साधन कर्नलचा भाग नव्हे. पण धडा इथेही लागू आहे. तो दुष्ट कोड डेब किंवा आरपीएम पॅकेज तयार होत असतानाच जागा होत असे! त्यामुळे एकाच सोर्समधून कुणीही पॅकेज तयार केले, तरी ते तंतोतंत सारखेच यावे, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून सुरू असलेले प्रयत्न महत्त्वाचे ठरतात. कुण्या अनोळखी व्यक्तीने पाठवलेले कर्नलचे पॅकेज बसवणे म्हणजे तिला घराची किल्ली देणे.

आपल्याकडे काय व्हावे?

लिनक्सचा परवाना, म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती, सोर्स कोडच्या व्याख्येत कम्पाइल करण्याच्या आणि बसवण्याच्या स्क्रिप्टही धरतो. बसवता येणे हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, हे १९९१ मध्येच ओळखले गेले होते. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र ते अजून पुरेसे उतरलेले नाही. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. अशी प्रणाली टिकवायची, तर ती नुसती वापरणारे नव्हे, तिची पॅकेजे सांभाळणारे हात लागतील.

म्हणून अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकात ‘कर्नल कम्पाइल झाला’ एवढ्यावर गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याने त्याचे पॅकेज करावे, शेजारच्या संगणकावर बसवावे, सुरू करून दाखवावे आणि मागमूस न ठेवता काढूनही दाखवावे. आपल्या यंत्रावर चालणे ही अर्धीच परीक्षा. उरलेली अर्धी दुसऱ्याच्या यंत्रावर होते.